पायरीवरचा आकडा

३ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद लिहितो आहे, घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन मी केला तर तू उचलत नाहीस, आणि आईने केला तर 'बाबा शेजारी आहेत का' असं विचारून मगच बोलतेस. मी अजून बहिरा झालेलो नाही. म्हणून कागद. कागद फाडून टाकता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

लिहायचं कारण साधं आहे. तुझ्या खोलीला रंग द्यायला घेतलाय. रंगारी मोठा तोंडाळ आहे. म्हणाला, "काका, ही खोकी इथेच राहिली तर त्यांनाही रंग लागेल, मग मला बोलायचं नाही." म्हणून खोकी बाहेर काढली. एकात तुझ्या वह्या निघाल्या, शाळेपासून नोकरीपर्यंतच्या. पाठवू की ठेवू, एवढंच विचारायचं होतं. मी उघडल्या नाहीत. कपाटावर ठेवल्यात.

आईचं बीपी ठीक. माझंही ठीक. पहाटे पाचला जाग येते आणि हात टोपी शोधायला लागतो. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण पायांना अजून कोणी कळवलेलं नाही. काल असाच धक्क्यापर्यंत गेलो. पाण्याचं तापमान घ्यायला तिथे आता यंत्र बसवलंय. एक पांढरं नळकांडं पाण्यात सोडलंय, ते दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतं. त्याला ना रजा, ना सर्दी, ना पेन्शन. एकतीस वर्षं ते नळकांडं मी होतो.

तिथे आपल्या खात्याचे साहेब भेटले. म्हणाले, चोवीस तारखेला समिती बसतेय, तुझ्या फाईलवर शेवटचा शेरा मारायला. तुला कळवलं होतं, तुझं उत्तर नाही. उत्तर आलं नाही तर 'निष्काळजीपणा' लिहितील आणि हवामानाच्या अंदाजावर सही करायचा तुझा अधिकार कायमचा जाईल. एवढा कसला हट्ट? दोन ओळी माफी लिहून दे. माफीने कोणी झिजत नाही.

आई सांगते, तू हल्ली ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतेस. चांगलं काम आहे. पण ते तुझं काम नाही.

बाबा


७ फेब्रुवारी

ठमे,

मागच्या पत्रात एक खोटं होतं. वह्या उघडल्या नाहीत असं लिहिलं होतं. उघडल्या. सगळ्या नाहीत, एकच, हिरव्या पुठ्ठ्याची. आणि तेही ते पत्र लिहायच्या आधी. म्हणजे 'माफी लिहून दे' हा शहाणपणा मी ती वही वाचून झाल्यावर शिकवला. हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आत्ताही मध्ये उठून दोन फेऱ्या मारून आलो.

आधी मला राग आला, तो सांगून मोकळा होतो. वहीत चार रकाने. तारीख. बाबा. पायरी. फरक. म्हटलं, वा रे वा, पोटची पोर बापावर पाळत ठेवते! आतून आई म्हणाली, "कोणावर ओरडताय?" घरात तिसरं कोणी नव्हतंच. मी वहीवर ओरडत होतो.

मग खाली बसलो आणि आकडे वाचले. दोन हिवाळे, त्रेचाळीस दिवस. सकाळी सहाला तू माझा डबा घेऊन धक्क्यावर यायचीस आणि वर येण्याआधी बराच वेळ खालच्या पायरीवर रेंगाळायचीस. मला वाटायचं, पोरीला पाणी बघायला आवडतं. तू तिथे स्वतःचा थर्मामीटर लावत होतीस.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. 'फरक' हा शब्द वाचला आणि मला सगळं कळलं. आता मीच लिहितो, म्हणजे तुला ते माझ्या हातचं मिळेल.

नियम असा, की बेचाळीस पायऱ्या उतरून खाली जायचं, भिंतीच्या आडोशाला बादली भरायची, आणि एका मिनिटाच्या आत तिथेच आकडा वाचायचा. नवीन पोरांकडून हा नियम मी पाठ करून घ्यायचो. आणि गेली सहा वर्षं मी स्वतः खाली जात नव्हतो. गुडघा गेला होता. उतरताना जीव जायचा आणि चढताना राहिलेला जायचा. म्हणून मी धक्क्याच्या टोकावरून दोरीने बादली सोडायचो, वर ओढायचो, आणि केबिनपर्यंत चालत न्यायचो. मध्ये दोनदा टेकायचो. मग स्टुलावर बसून आरामात आकडा वाचायचो. सात-आठ मिनिटं जायची. आपली बादली कॅनव्हासची. ओल्या कापडाला आठ मिनिटं कोरडा वारा लागला की जे माठातल्या पाण्याचं होतं तेच बादलीतल्या पाण्याचं होतं. मी समुद्राचं तापमान लिहीत नव्हतो, बादलीचं लिहीत होतो.

तुझ्या वहीत ते अगदी व्यवस्थित मांडलंय. दमट हवा, फरक शून्य पूर्णांक एक. कोरडा वारा, फरक एक ते दीड. इतकी वर्षं नोकरी करूनही मला हे कधी असं मांडता आलं नसतं. बापाची चोरी पकडलीस तीसुद्धा टापटीप.

तू एकदा म्हणाली होतीस, "बाबा, खाली तुमच्यासाठी एखादं स्टूल ठेवूया का?" मी म्हटलं, "म्हातारा समजतेस काय मला?" त्यानंतर तू विषय काढला नाहीस. आता कळतं, तू मला दार उघडून दिलं होतंस. मी ते तुझ्या तोंडावर आपटलं.

आई जेवायला हाक मारतेय. तिसरी हाक. जातो.

बाबा


११ फेब्रुवारी

ठमे,

समितीपुढे मी काय सांगणार त्याचा मसुदा केलाय. होय, जाणार आहे. तू येणार नसशील तर मी जाणार. खाली उतरवतो, चुकलं असेल तर सांग. तुला शिकवलेलं तुलाच वाचून दाखवतोय, पण समितीत दोघं हिशेब खात्याचे आहेत, त्यांना पाणी म्हणजे नळाचं एवढंच ठाऊक.

'समुद्र आणि हवा यांच्यात सतत उष्णतेची देवघेव चालते. ती किती आणि कशी चालेल ते हवेवर ठरतं. हवा कोरडी असली आणि वारा असला, तर पाण्याची वाफ भराभर होते आणि उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. हवा दमट आणि पडलेली असली, तर उष्णता पाण्यातच राहते. दुसरं असं, की पाणी हवेपेक्षा गरम असेल तर खालची हवा तापून वर उसळते आणि वरचा जोरकस वारा तिच्या जागी खाली येऊन आदळतो. मग लाँच उलटतात. पाणी हवेपेक्षा गार असेल तर खालची हवा जड होऊन पाण्यावर पसरून बसते. वर कितीही वारा असो, तो वरच्या वर निघून जातो आणि खाली पाणी तेलासारखं स्थिर राहतं. म्हणून बेटाकडे लाँच सोडायची की लाल बावटा लावायचा, हे कधी कधी अर्ध्या अंशावर ठरतं.'

इथपर्यंत ठीक. पुढे सोळा डिसेंबर.

'त्या दिवशी सकाळी हवा सव्वीस. वर कोरडा, जोराचा वारा. माझ्या नोंदवहीत पाणी पंचवीस पूर्णांक एक. म्हणजे पाणी गार, लाँच सोडायला हरकत नव्हती. माझ्या मुलीने अंदाजाच्या कागदावर पाणी सव्वीस पूर्णांक तीन धरलं. म्हणजे पाणी गरम, बावटा हवा. सात वाजता बावटा लागला. दिवसभर पाण्यावर सुरकुती पडली नाही. बेटावर राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंच्या पोटात पहाटेपासून कळा येत होत्या. अपेंडिक्स. त्यांचा मुलगा लाँच चालवतो, तो बोटीसकट या काठावर होता. बावटा असताना लाँच काढली तर परवाना जातो, म्हणून तो थांबला. पाच वाजता बावटा उतरला. त्याने आईला आणायला लाँच नेली. परतीच्या वाटेवर त्या बाई गेल्या.'

हे लिहून झाल्यावर मी पेन ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. पुढे मला चौकशीतलं लिहायला हवं.

त्यांनी तुला विचारलं, नोंदवहीत पंचवीस पूर्णांक एक असताना तुम्ही सव्वीस पूर्णांक तीन कुठून आणले? तू म्हणालीस, "उतरवताना चुकले." एवढंच. मान खाली. आता वही वाचल्यावर कळतं की तू काही चुकीचं उतरवलं नव्हतंस. तू माझ्या आकड्यात फरक मिळवला होतास, जसा दोन वर्षं गुपचूप मिळवत होतीस. ते सांगितलं असतंस तर तुझी बाजू उघड झाली असती आणि माझी बादलीही. तू बादली झाकलीस.

आणि मी काय केलं? मला विचारलं, आकडा रोज पायरीवरच वाचता का? मी म्हणालो, "रोज. एकतीस वर्षं." मग कोणी विचारलेलं नसताना उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या नोंदवहीत आजवर खाडाखोड नाही. माझा आकडा बरोबर होता. ज्यांना तो धड उतरवता आला नाही त्यांनी उत्तर द्यावं." घरी आल्यावर आणखी बोललो. "तुझ्यामुळे मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही," असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ माझी होती, तू ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होतीस, आणि मी तुझ्याच हातावर मारलं.

बाबा


१२ फेब्रुवारी

ठमे,

काल पत्र पेटीत टाकलं, घरी आलो, चपला काढल्या आणि लक्षात आलं की मुद्द्याचं लिहिलंच नाही. लिहिलं नाही की लिहायचं टाळलं, ते तू ओळखशीलच. परत पेटीपाशी गेलो. त्या फटीत हात घालून बघितला. हात अडकला. एक बाई थांबून विचारायला लागल्या, "काका, कोणाला बोलावू का?" असो.

तुझ्या हिरव्या वहीचं शेवटचं पान. त्यावर तू फरकाचा सगळा तक्ता आडवा काट मारून खोडलाय आणि खाली लिहिलंय, 'फरक चुकला. बाबांचा आकडा खरा होता. मला वाटलं मला समजलंय. एक बाई गेली.'

हे पान मी इतक्या वेळा वाचलंय की आता डोळे मिटले तरी दिसतं. तुला वाटतं, त्या दिवशीही मी नेहमीसारखी बादली वर आणली आणि तुझं गणितच खोटं ठरलं. म्हणून तू आकड्यांचं नाव टाकलंस, म्हणून शिक्के मारत बसलीस. चौदा महिने तू हे उशाशी घेऊन झोपतेस.

ठमे, तुझा तक्ता चुकला नव्हता. त्या दिवशी मी खाली उतरलो होतो.

डिसेंबर लागल्या लागल्या तूच मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतंस, आठवतं? मी रस्ताभर कुरकुर करत होतो. त्यांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं. दहा-बारा दिवसांत गुडघा मोकळा झाला. सोळा तारखेच्या सकाळी मी धक्क्याच्या टोकाला उभा राहिलो, दोरी हातात घेतली, आणि मनात आलं, बघू या तरी. इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तुझी त्या दिवशी लवकरची पाळी होती, डबा मी स्वतःच नेला होता. मी उतरलो. बेचाळीसच्या बेचाळीस. खाली बसून बादली भरली, आडोशाला धरली, मिनिटाच्या आत आकडा वाचला. पंचवीस पूर्णांक एक. सहा वर्षांतला माझा पहिला खरा आकडा. वर येताना मी शिट्टी वाजवत होतो.

तू समोरच्या ऑफिसात बसून त्या खऱ्या आकड्यात एक पूर्णांक दोन मिळवलेस.

मी तुला का नाही सांगितलं? 'आज उतरलो' असं सांगायचं तर 'काल उतरलो नव्हतो' हे आधी सांगावं लागलं असतं. आणि तू मला का नाही विचारलंस? विचारायचं तर तुला माहीत आहे हे मला कळलं असतं आणि मी शरमेने मेलो असतो, म्हणून. एकाच घरात राहणारी माणसं आपण. एकाच ताटलीतला पापड मोडून खाणारी. आणि एवढं एक वाक्य आपल्याला एकमेकांना सांगता आलं नाही.

तुझं गणित बरोबर होतं. पुन्हा लिहितो. तुझं गणित बरोबर होतं.

बाबा


१८ फेब्रुवारी

ठमे,

तुझं काही आलं नाही. पोस्टमनला मी रस्त्यात गाठतो, तर हल्ली तो गल्ली बदलून जातो.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान चिडेल. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, "बादलीचं मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. म्हणाली होती, बाबांना कळू देऊ नकोस." मग म्हणाली, "आणि गुडघा बरा झालेलाही मला माहीत होता. तुम्ही रात्रीचं तेल लावून घ्यायचं बंद केलंत. मला वाटलं, तिला तुम्ही सांगितलं असेल." तेव्हा तिचा हात थांबला. नंतर ती आत जाऊन पडली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. भाजी मी निवडली. निम्मी चांगली पानं टाकून दिली म्हणे.

काल लाँचवाल्याकडे गेलो. तीन दिवस जायचं जायचं करत होतो आणि वाटेतून परत येत होतो. तो इंजिन उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मध्ये त्याने पाना खाली ठेवला.

"काका, बसा," म्हणाला.

मी बसलो.

"म्हणजे त्या दिवशी पाणी जसं दिसत होतं तसंच होतं."

"हो."

"वरचा वारा खाली येणारच नव्हता."

"नव्हता."

तो हात पुसत म्हणाला, "चौकशीत काय निघालं ते मी मनावर घेतलं नव्हतं. कागदाचं आपल्याला काय कळतं? मी मनाला सांगत होतो, ताई चुकायच्या नाहीत. त्यांनी बावटा लावला म्हणजे काहीतरी असणार, मला दिसत नसलं तरी. मी निघालो असतो तर लाँच उलटली असती आणि आईला कोणीच आणलं नसतं. हे रोज सांगायचो मनाला. आता काय सांगू?"

मी तिथे माफी मागायला गेलो होतो, आणि त्याच्याकडे उरलेलं होतं तेही घेऊन आलो. मी हात जोडले. त्याने ते धरून खाली केले, त्याच्या हाताचं काळं माझ्या हाताला लागलं.

"ताईंना कळवलंत का?" त्याने विचारलं.

"पत्र टाकलंय."

"त्यांना कळू दे आधी. तुमच्याशी भांडायला मी इथेच आहे, कुठे जात नाही."

अजून भांडला नाही. भांडेल तेव्हा मी जाईन.

बाबा


२४ फेब्रुवारी

ठमे,

झालं. घरी येऊन पहिलं हेच लिहितोय, अजून बूटही काढले नाहीत.

आत जाण्याआधी साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, "अहो, कशाला? तुम्ही निवृत्त झालात, तिने नोकरी सोडलीय. आता हे उकरून कोणाचं भलं होणार?" मागच्या वर्षी हेच मला पटलं असतं. मी म्हटलं, "साहेब, बाजूला व्हा."

निवेदन वाचलं. हिशेब खात्याचा एक जण म्हणाला, "एक अंशाने एवढं काय होतं?" मी म्हटलं, "तुमच्या अंगात एक अंश जास्त झाला तर तुम्ही रजा टाकता." कोणी हसलं नाही. मीही ते हसवायला म्हटलं नव्हतं.

मग हिरवी वही टेबलावर ठेवली. तुला न विचारता नेली, त्याचीही माफी. समितीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, त्याच एक आपल्या कामातल्या. त्यांनी पान पान पाहिलं, मग विचारलं, "हे तिने एकटीने केलं? कोणी न सांगता?" मी म्हटलं, "माझ्यासाठी केलं." त्या म्हणाल्या, "तिने वर कळवायला हवं होतं." मी म्हटलं, "हो. आणि मी तिला कळवू द्यायला हवं होतं."

निर्णय लिहितो. 'निष्काळजीपणा' काढलाय. तू आकड्यात परस्पर फेरफार केलास म्हणून ताकीद. ती तुला मिळायलाच हवी, ते तूही मान्य करशील. सही करायचा अधिकार कायम. परत यायचं असेल तर जागा आहे. यायचं नसेल तर तेही तुझंच.

माझ्या सहा वर्षांच्या सगळ्या नोंदींवर 'संशयास्पद' असा शिक्का पडणार. मग बाई म्हणाल्या, तुझा तक्ता लावला तर त्यातल्या बऱ्याचशा दुरुस्त होतील. म्हणजे माझी सहा वर्षं वाचली तर तुझ्यामुळे वाचतील. निवृत्तीच्या वेळी ऑफिसच्या जिन्यात लावलेला माझा फोटो उतरवायचं ठरलं. शिपायाचा हात पोचेना, म्हणून मीच स्टुलावर चढून उतरवून दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, फोटो काढतानाही मला वाटत होतं की भिंतीवर बरा दिसत होता.

घरी येताना चालत आलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नुसतं बूट चावले.

बाबा


४ मार्च

ठमे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते दुरूनच हलवून दाखवलं, बिचारा सुटला एकदाचा. आईने आधी वाचलं, मग मी, मग पुन्हा आईने. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तुझंच. तीन प्रश्न. त्यांची उत्तरं त्याच क्रमाने देतो.

एक. किती वाजता उतरलात? पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी उतरायला लागलो. सहा वाजून एक मिनिटाने खाली पोचलो.

दोन. बादली पाण्याबाहेर काढल्यापासून आकडा वाचेपर्यंत किती वेळ? चाळीस ते पन्नास सेकंद. घड्याळ लावलं नव्हतं, मनात मोजले. पन्नासच्या वर नक्की नाही.

तीन. पायरीवर वारा लागत होता का? नाही. भिंतीच्या आत अजिबात नव्हता. वर आल्यावर टोपी धरावी लागली. थर्मामीटर नेहमीचाच. डोळे पाऱ्याच्या रेषेत होते, खाली बसल्यामुळे ते नीट जमलं.

याच्यावरून तू तुझं गणित पुन्हा ताडून बघशील. बघ. मी सांगितलं म्हणून मान्य करू नकोस. आपल्या दोघांचं तिथेच बिघडलं.

चौथा प्रश्न तू विचारलेला नाहीस. तू विचारणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण त्याचंही उत्तर देतो. डॉक्टर चौकशीत म्हणाले होते, त्या बाईंना दुपारपर्यंत आणलं असतं तर त्या जगल्या असत्या. त्या सकाळी वर आल्यावर मी रस्ता ओलांडून तुझ्या ऑफिसात आलो असतो आणि म्हणालो असतो, 'पोरी, आज मी खाली उतरलो होतो,' तर तू फरक मिळवला नसतास, बावटा लागला नसता आणि लाँच सव्वासातला सुटली असती. रस्ता वीस पावलांचा आहे. मी काल मोजला. मी आलो नाही, कारण मला लाज वाटत होती. म्हणून ती बाई गेली.

तू हे वाचून लगेच मनात म्हणशील, की मीही विचारायला हवं होतं, गुडघा दुखत होता, बाबांचं वय झालं होतं. तसं करू नकोस. मी सांगतोय तो आकडा आहे तसाच घे. माझ्याकडून आलेल्या आकड्यात या वेळी काही मिळवू नकोस.

बाबा